डॉक्टर व्हायचंय, मग पदवी इतिहासात? एका तक्त्याचं आणि एका पेपरचं वाचन

मागच्या लेखात म्हटल्याप्रमाणे आज नमुना निवडीवर लिहायचं होतं. पुस्तकातली व्याख्या, संभाव्यता आणि असंभाव्यता नमुना, त्यांचे प्रकार, असं सगळं टिपून ठेवलं होतं. पण मधे एक फोन आला आणि त्या टिपणापेक्षा चांगलं उदाहरण घरातच सापडलं. तेव्हा व्याख्या पुढच्या वेळी.

फोन न्यू जर्सीहून होता, माझ्या मामेबहिणीचा. तिची मुलगी गेल्या ऑगस्टमध्ये कॉलेजला लागली. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि पदवी घ्यायची आहे इतिहासात. भाऊजींचं म्हणणं, डॉक्टर व्हायचं तर सरळ बायॉलॉजी घे, हे इतिहासाचं खूळ कशाला? दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या. अशात भाचीने वडिलांपुढे एक तक्ता ठेवला आणि भाऊजी गप्प झाले. ताई मला म्हणाली, "अगं, तू पीएचडी करतेस ना, मग हा तक्ता खरा का खोटा तेवढं सांग."

आधी तिथली पद्धत थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस अशी गाडी असते. अमेरिकेत बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ही पहिली पदवी कुठल्याही विषयात चालते. 'प्रीमेड' हा शब्द ऐकून तो एखादा अभ्यासक्रम असेल असं वाटतं, पण बहुतेक कॉलेजांत तसा मुख्य विषय नसतोच. ती नुसती तयारीची वाट आहे. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स (हे सगळं प्रयोगशाळेसकट) आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री, एवढे पेपर झाले पाहिजेत. मुख्य विषय संगीत असला तरी हरकत नाही. त्यावर एमकॅट ही परीक्षा. 2015 पासून तिचे चार भाग आहेत, एकूण गुण 472 ते 528 च्या मधे. त्यातल्या एका भागात विज्ञान अजिबात नाही, फक्त उतारे वाचून प्रश्न सोडवायचे.

आता तक्ता. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात एक तक्ता पदवीच्या मुख्य विषयानुसार असतो. जीवशास्त्रं, मानव्य विद्या, गणित आणि संख्याशास्त्र, भौतिक शास्त्रं, सामाजिक शास्त्रं, आरोग्याशी जोडलेले विशेष अभ्यासक्रम आणि 'इतर' अशा सात ओळी. प्रत्येक ओळीत अर्ज किती आले, प्रत्यक्ष दाखल किती झाले, त्यांचे एमकॅटचे आणि कॉलेजचे सरासरी गुण. भागाकार आपण करायचा. केला की दिसतं की जीवशास्त्रवाल्या अर्जदारांपैकी साधारण चाळीस टक्के मेडिकलला लागतात, आणि मानव्य विद्येच्या ओळीत हाच आकडा त्याहून बऱ्यापैकी वर जातो. भाचीने नेमकं हेच वडिलांना दाखवलं. बाबा, इतिहास घेतला तर माझा चान्स वाढतो.

इथे माझी अडचण कबूल करते. मी स्वतः बारावी सायन्स करून बीएला गेलेली. मनातून मला भाचीचीच बाजू घ्यायची होती. तक्ता खरा आहे, संघटना विश्वासू आहे, 'हो, बरोबर आहे' एवढं म्हटलं असतं तर ताईच्या घरात शांतता झाली असती. संशोधनात सगळ्यात फसवा पुरावा कुठला असेल तर तो आपल्याला हवा तो निष्कर्ष देणारा. विरोधातला पुरावा आपण उलटापालटा करून बघतो. आपल्या बाजूचा आला की त्याला चहा पाजतो.

तर प्रश्न असा: या भागाकाराच्या छेदात कोण आहे?

छेदात आहेत अर्ज करणारे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हणणारे सगळे त्यात नाहीत. या दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. अगदी काल्पनिक आकडे घेऊ. समजा बायॉलॉजी घेतलेल्या 100 मुलांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यातल्या 60 जणांनी शेवटी अर्ज केला आणि 24 लागले. तक्त्यात दिसणार 40 टक्के. इतिहास घेतलेल्या 100 जणांनी तेच ठरवलं, पण त्यातल्या 20 जणांनीच अर्जापर्यंत मजल मारली आणि 10 लागले. तक्त्यात दिसणार 50 टक्के. तक्ता म्हणेल इतिहास भारी. पण सुरुवातीच्या शंभरातले किती डॉक्टर झाले ते बघा. एकीकडे 24, दुसरीकडे 10. दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या आहेत आणि निष्कर्ष पार उलटा.

खऱ्या आयुष्यात असंच होतं असं माझं म्हणणं नाही. गळतीचे विषयवार आकडे या तक्त्यात नाहीत, म्हणून या तक्त्यावरून ते कळणार नाही, एवढंच. पण गळती होते हे मात्र नक्की. स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजात शिरताना डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांना त्यांनी पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारलं. इच्छा मावळण्याचं प्रमाण मुलींमध्ये आणि अल्पसंख्याक गटांतल्या मुलांमध्ये जास्त निघालं, आणि कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले ते केमिस्ट्रीचे वर्ग. ही मुलं एएएमसीच्या तक्त्यात कुठेच नाहीत. त्यांनी अर्जच केला नाही, त्यामुळे ती कुणाच्या छेदात धरलीच गेली नाहीत.

तुम्हाला हे परकं वाटत असेल तर आपल्याकडचं बघा. आमच्या भागातल्या एका शाळेचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लागायचा. कच्च्या मुलांना नववीनंतर हळूच 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगायचे, म्हणजे ती बाहेरून बसणार, शाळेच्या पटावर नाहीत. निकाल खोटा नव्हता. छेद छाटलेला होता. अमेरिकेतही काही कॉलेजांत मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र लागतं, आणि कच्च्या विद्यार्थ्याला समिती पत्र देत नाही किंवा थांब म्हणते. मग 'आमच्या अर्जदारांपैकी इतके टक्के लागले' हा आकडा आपोआप सुंदर होतो. कॉलेज निवडताना पालक हाच आकडा बघतात.

दुसरी गोष्ट. त्याच तक्त्यात, त्याच ओळीत, टक्केवारीचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे, पण भाचीने तिकडे पाहिलं नाही. मानव्य विद्येच्या अर्जदारांचे एमकॅटचे सरासरी गुणसुद्धा जीवशास्त्राच्या अर्जदारांपेक्षा थोडे वर असतात. आरोग्याशी जोडलेल्या विशेष अभ्यासक्रमांची ओळ बघितली तर तिथे सरासरी गुण खाली आणि लागण्याचं प्रमाणही खाली. म्हणजे चांगले गुण घेऊन आलेले लागतात, वाईट गुणवाले लागत नाहीत. यात इतिहासाचा काय संबंध? इतिहासाने गुण वाढवले, की गुण मिळवण्याची खात्री असलेल्या मुलांनीच इतिहास घेऊन अर्ज करण्याचं धाडस केलं? तक्ता यावर गप्प आहे. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो. बायॉलॉजी ही तिथली सरधोपट वाट. अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त जीवशास्त्रवाले असतात. त्यातल्या कमी गुणवाल्यालाही दुसरं काही डोळ्यांसमोर नसतं, म्हणून तो अर्ज टाकून बघतो. कमी गुण पडलेला इतिहासवाला निमूटपणे लॉ स्कूलकडे वळतो. पण हा अंदाज आहे आणि तुमच्या प्रबंधात असं वाक्य आलं तर गाईड त्याखाली लाल रेघ मारतील, मारायलाच हवी.

आणि एक बारीक खोच. तक्त्यात 'दाखल झाले' मोजलेत, 'प्रवेश मिळाला' नाही. प्रवेश मिळूनही न गेलेले लोक यात नापास झाल्यासारखे दिसतात. फरक लहान असेल, पण स्तंभाचं नाव नीट वाचायची सवय लावून घ्या.

मी हे सगळं ताईला सांगितलं. अर्ध्या तासाने भाचीचाच फोन. आवाजात राग. "मावशी, पण एक रिसर्च पेपर पण आहे." आणि तिने खरंच चांगला पेपर पाठवला. मला तिचं कौतुक वाटलं. तक्ता पडल्यावर लोक सहसा किस्से सांगतात, ही पेपर घेऊन आली.

पेपर आहे डेव्हिड मुलर आणि नेथन केस यांचा, 2010 चा, 'ॲकॅडेमिक मेडिसिन' या नियतकालिकातला. विषय न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलचा. या स्कूलने 1987 मध्ये एक प्रयोग सुरू केला. मानव्य विद्या आणि सामाजिक शास्त्रं शिकणाऱ्या मुलांना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच प्रवेश देऊन टाकायचा. एमकॅट नाही, ऑरगॅनिक केमिस्ट्री नाही, फिजिक्स नाही. बायॉलॉजी आणि जनरल केमिस्ट्री तेवढी करायची, आणि एका उन्हाळ्यात स्कूलमध्येच येऊन बाकीच्याची छोटी आवृत्ती शिकायची. पेपरमध्ये 2004 ते 2009 या काळात बाहेर पडलेल्या अशा 85 विद्यार्थ्यांची तुलना नेहमीच्या वाटेने आलेल्या 606 वर्गमित्रांशी केली आहे. निष्कर्ष असा की पारंपरिक तयारी नसलेले विद्यार्थी बाकीच्यांच्या तोडीस तोड ठरले.

हा पेपर गाजला, आणि गाजण्यासारखाच आहे. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालापासून अमेरिकेत डॉक्टर होण्याआधी बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे जवळजवळ वेदवाक्य होतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीशिवाय डॉक्टर होता येत नाही हा दावा खोडायला खरं तर मोजकी उदाहरणंही पुरली असती. इथे 85 आहेत. 'अमुक अटीशिवाय अशक्य' या विधानाविरुद्ध हा पेपर भक्कम आहे. माझी तक्रार पेपरच्या एका शब्दाशी आहे, आणि पेपर न वाचता त्याचा दाखला देणाऱ्यांशी त्याहून जास्त.

शब्द म्हणजे 'तोडीस तोड', समतुल्य. हे कसं ठरलं? बऱ्याच मापांवर दोन गटांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, यावरून. पण फरक न आढळणं आणि फरक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेट-सेटच्या पहिल्या पेपरची तयारी करताना तुम्ही प्रकार एक आणि प्रकार दोनची चूक पाठ केली असेल, तीच ही जागा. पुन्हा काल्पनिक आकडा घेऊ. समजा 85 पैकी 13 जणांना एखादा मान मिळाला, म्हणजे साधारण 15 टक्के. इतक्या छोट्या गटात 95 टक्के विश्वास अंतराल जातं साधारण 8 पासून 23 पर्यंत. दुसऱ्या गटाचा आकडा यात कुठेही पडला तरी आपण 'फरक लक्षणीय नाही' म्हणणार. एवढ्या रुंद जाळ्यात मोठे मासेही निसटतात. समतुल्यता सिद्ध करायची तर आधी ठरवावं लागतं की किती फरक आपण किरकोळ समजू, आणि मग फरक त्या मर्यादेच्या आत आहे हे दाखवावं लागतं.

शिवाय जिथे फरक आढळला, तिथे तो दाखले देणाऱ्यांच्या सोयीचा नाही. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या विद्यार्थ्यांची सरासरी 221, वर्गमित्रांची 227. वैयक्तिक कारणांनी शिक्षणातून रजा घेणाऱ्यांचं प्रमाणही या गटात जास्त होतं. उलट बाजूने, संशोधनासाठी वेगळं एक वर्ष देणारेही याच गटात जास्त, आणि पुढे प्राथमिक आरोग्यसेवा आणि मानसोपचार निवडण्याकडे त्यांचा कल दिसला. लेखकांनी हे सगळं छापलंय, लपवलेलं काही नाही. पण 'इतिहासवाले तितकेच चांगले डॉक्टर होतात' असं एका ओळीत सांगताना यातलं काहीच पुढे येत नाही. सहा गुणांनी डॉक्टर चांगला-वाईट ठरत नाही हे मलाही मान्य आहे (ही परीक्षा 2022 पासून नुसती पास-नापास झाली आहे). पण मग तसं म्हणा ना. फरक होता, आम्ही तो महत्त्वाचा मानत नाही, असं. हे प्रामाणिक वाक्य आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि इथे भाचीचा प्रश्न पुन्हा येतो. हे 85 जण आले कुठून? शाळेचे-कॉलेजचे गुण, सॅट, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखती यांतून पारखून घेतलेली ही मुलं. प्रवेश दुसऱ्या वर्षीच पक्का, डोक्यावर एमकॅट नाही. स्कूलने त्यांच्यासाठी खास उन्हाळी वर्ग ठेवले. हा पेपर सांगतो की अशा पारखलेल्या, प्रवेशाची हमी आणि आधार मिळालेल्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाचून अडलं नाही. माझी भाची या कार्यक्रमात नाही. ती साध्या रांगेत उभी राहणार आहे. तिला ऑरगॅनिकही करायचंय, फिजिक्सही, एमकॅटही, आणि त्याच्या जोडीला इतिहासाचे शोधनिबंध. एकाच स्कूलमधला, हमी असलेल्यांवरचा निष्कर्ष हमी नसलेल्या मुलीला लावता येत नाही. बाह्य वैधता म्हणतात ती हीच.

तिला हे समजावल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबा बरोबर? बायॉलॉजी घेऊ?"

तर तेही नाही. तक्ता इतिहासाच्या बाजूने काही सिद्ध करत नाही, तसाच बायॉलॉजीच्या बाजूनेही करत नाही. तिचा खरा प्रश्न आहे: हीच मुलगी, याच कॉलेजात, इतिहास घेतला तर कुठे पोचेल आणि बायॉलॉजी घेतली तर कुठे? या दोन भविष्यांतलं एकच आपल्याला कधीतरी दिसणार. गटांच्या सरासऱ्या यावर थेट बोलत नाहीत. मग निर्णय कशावर घ्यायचा? माहीत असलेल्या, रटाळ गोष्टींवर.

अर्ज गोळा करणारी मध्यवर्ती सेवा सगळ्यांचे कॉलेजचे गुण एकाच पद्धतीने मोजते. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांची सरासरी वेगळी काढते, मुख्य विषय कुठलाही असो. अवघड विषय घेतला म्हणून ती पदरचे गुण देत नाही. त्यामुळे इतिहास घेऊन भाची केमिस्ट्रीतून सुटत नाही आणि बायॉलॉजी घेतल्याने केमिस्ट्री सोपी होत नाही. एक व्यावहारिक फरक मात्र आहे. बायॉलॉजीत हे सक्तीचे पेपर मुख्य विषयातच बरेचसे मावतात. इतिहासात ते वरून चढवावे लागतात, म्हणजे वेळापत्रकाची ओढाताण, उन्हाळ्यात एखादा पेपर, त्याची वेगळी फी. तिला सांगितलं, चार वर्षांचं वेळापत्रक कागदावर मांड आणि बाबांना तो कागद दाखव, तक्ता नको.

आणि एक आकडा मी दोघांनाही दिला. 2021-22 मध्ये या मेडिकल स्कूल्ससाठी 62,443 जणांनी अर्ज केले, 22,666 दाखल झाले. ते वर्ष अर्जांच्या बाबतीत जरा जास्तच गर्दीचं होतं, पण गेल्या काही वर्षांत दाखल न होणारे निम्म्याहून जास्तच राहिलेत. त्यातले काही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात, काही सोडून देतात. त्या दिवशी हातात उरते ती पहिली पदवी. भाऊजींना मी विचारलं की नुसत्या बायॉलॉजीच्या पदवीवर तिने काय करावं अशी तुमची कल्पना आहे? त्यांनी यावर विचार केला नव्हता. भाचीला इतिहासाबद्दल तेच विचारलं. तिनेही केला नव्हता, पण तिने निदान एका प्राध्यापिकेचं नाव सांगितलं, जिच्याकडे तिला साथरोगांच्या इतिहासावर काम करायचंय, आणि त्यासाठी कुठल्या दप्तरखान्यात जावं लागेल तेही. ऐकताना मला बरं वाटलं. पण हा पुरावा मी मोजत नाही, कारण माझी बाजू तुम्हाला माहीत आहे.

मुख्य विषय जाहीर करायला तिला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत आहे. सध्या सोमवार-बुधवार जनरल केमिस्ट्री आणि गुरुवारी इतिहासाचा सेमिनार चालू आहे. परवा ताईने कळवलं की केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत तिला बी मिळाला, आणि भाऊजी आता 'सॅम्पल साइझ एक' म्हणून तिला चिडवतात.

तुमच्यासाठी काम: आपल्या विषयातला असा एक टक्का शोधा जो तुम्हाला मनापासून आवडतो, आणि त्याच्या छेदात कोण नाही ते कॉमेंटमध्ये लिहा. नमुना निवडीच्या व्याख्या पुढच्या रविवारी.